मंचरला नसलेली कबर

त्या शुक्रवारी बिबिजाननं तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा साखर विसरली. पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यांदा तिचा दीर चांद म्हणाला, "भाभी, साखर लई महागली का काय?" तिसऱ्यांदा गुलशननं आईच्या हातातून डबाच काढून घेतला आणि तिला चुलीपासून उठवलं. एरवी ह्या बाईचा हात असा, की डोळे मिटून मीठ टाकावं आणि शंभर माणसं जेवून उठली तरी कुणी नाव ठेवू नये.

पण बाहेरच्या पडवीत पुण्याचे डॉक्टर बसले होते, आणि त्यांच्यासमोर मांडी घालून, गुडघ्यावर फळी घेऊन, हातात टाक धरून अन्सार बसला होता. तिला साखर सुचणार कुठून?

अन्सारची गोष्ट मागं सांगून झालीय. तरी ज्यांना मधलीच पानं उलटायची सवय असते त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. अन्सार बिबिजानच्या पोटचा नव्हता. तो तिच्या नणंदेचा, जन्नतबीचा. जन्नतबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिच्या भावाचं, म्हणजे बिबिजानच्या नवऱ्याचं, हनीफचं, मंचरला वह्या-कागदाचं दुकान होतं. मूल झालं आणि पाचव्या दिवशी बाळंतिणीनं भिंतीकडं तोंड केलं. मूल जवळ नेलं की किंचाळायची, "हे माझं न्हाई, बदललंय कुनीतरी!" दर्गे झाले, ताईत झाले, शेवटी पुण्याचं वेड्यांचं इस्पितळ झालं. नवऱ्याकडच्यांना कळवलं, मूल गेलं. त्यांनी दुखवट्यालाही कुणी पाठवलं नाही, महिन्याच्या आत तलाकचा कागद तेवढा पाठवला. पुढं हनीफ दुकान मोडून जुन्नरला, हातकागद बनवणाऱ्यांच्या कागदी मोहल्ल्यातल्या आपल्या घरी परत आला तो दोन लेकरं घेऊन. वर्षाआडची आहेत म्हणून सांगितलं. मोहल्ल्यानं विश्वास ठेवला की ठेवल्यासारखं केलं, ते अल्लाला ठाऊक. ह्या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. ती माहीत असणारी माणसं उरली तीन. हनीफ, बिबिजान आणि तेव्हा चौदा वर्षांचा असलेला चांद.

आणि जन्नतबी? तिलाही तेच सांगितलं होतं. मूल गेलं.

तिला सांगितलं काय आणि भिंतीला सांगितलं काय, असं तेव्हा वाटलं होतं. एकवीस वर्षं हनीफ दर ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन पुण्याला जायचा आणि बहीण त्याच्याकडं न बघता खायची. पण यंदा, सन छप्पन्नच्या रमजान ईदला, तिनं डबा बाजूला ठेवला, भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "भाईजान, दाढी पांढरी झाली की तुमची."

हनीफ बाहेरच्या बाकावर बसून एवढ्या मोठ्यानं रडला की शिपाई पाणी घेऊन आला.

नव्या गोळ्या आल्या होत्या. गेल्या वर्षापासून इस्पितळातली कितीतरी माणसं अशी जागी होत होती. डॉक्टर म्हणाले, तुमची बहीण घरी राहू शकेल. गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि घरानं तिला घर म्हणून घ्यायचं. मग म्हणाले, माझंही एक काम आहे तुमच्याकडं. हा आजार एकाच घरात पुन्हा पुन्हा का दिसतो, तो रक्तातून उतरतो का, ह्याचा मी शोध घेतोय. अशी शंभर घरं हवीत. तुमचं घर मला वंश सांगेल का?

हनीफनं तिथंच हो म्हटलं. बहिणीला परत आणून देणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? आपण कशाला हो म्हणतोय हे त्याला घरी येईपर्यंत उमजलं नाही, आणि उमजल्यावर त्यानं ते बायकोला आठ दिवस सांगितलं नाही.

* * *

"हे चौकोन म्हणजे पुरुष," डॉक्टर सांगत होते. वय तिशीच्या आतबाहेर, चष्मा, सदऱ्याला शाईचा डाग. "गोल म्हणजे बाई. नवरा-बायको आडव्या रेघेनं जोडायचे, मुलं खाली उभ्या रेघेनं. मृत असेल तर तिरपी रेघ मारायची. आणि ज्यांना हा आजार झाला, तो चौकोन किंवा गोल काळा भरायचा. नावं माझ्या वहीत राहतील, कागदावर फक्त प्रत्येकाचा आकडा. छापताना एकही नाव येणार नाही."

त्यांनी आणलेला छापील कागद वीतभर होता. हनीफनं तो बघितला आणि त्याला हसूच आलं.

"डॉक्टरसाहेब, कागदी मोहल्ल्यात बसून ह्या चिटोऱ्यावर खानदान लिव्हायचं?" त्यानं आतून आपल्या हातचा मोठा ताव आणला, दगडानं घोटून घोटून आरशासारखा केलेला. डॉक्टरांनी पेन्सिल काढली तर त्यानं तीही मागं सारली. "ह्याच्यावर पेन्सिल न्हाई चालवायची. शाई."

आणि घरात अक्षर कुणाचं चांगलं, तर शाळामास्तर झालेल्या अन्सारचं. म्हणून टाक त्याच्या हातात गेला. हे कुणी ठरवलं नाही. बिबिजान उंबऱ्यात उभी होती, तिला वाटलं पुढं होऊन टाक हिसकावून घ्यावा. पण कोणत्या तोंडानं?

काम सुरू झालं ते मजेतच. खापरपणजोबा दौलताबादेकडून आले ते, त्यांच्या तीन बायका, त्यांची लेकरं. चुलत घरात दिलेल्या मुली, मामेबहिणींशी केलेली लग्नं. अन्सारच्या रेघा वर जायच्या आणि फिरून त्याच घरात यायच्या. डॉक्टर पुढं झुकून बघायला लागले.

"म्हणजे ह्यांचे सासरे हेच ह्यांचे सख्खे काका?"

"मग परक्याला कशाला द्यायची पोरगी?" चांद म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. त्याची थोरली अन्सारला द्यायची बोलणी पक्की झाली होती, साखरपुडा तेवढा राहिला होता. त्यासाठीच तर तो मंचरहून आला होता. म्हणजे सांगायला तसं आला होता. खरं तर ह्या डॉक्टराला घरातून काढायलाच आला होता, पण भावानं एकदा शब्द दिला म्हटल्यावर त्याचं काही चालेना.

मग घोडं अडलं ते मजजूबबाबांपाशी. मजजूब म्हणजे अल्लाच्या ध्यासात भान हरपलेला.

"हनीफभाई, हे तुमचे चुलत आजोबा. ह्यांच्याबद्दल काय सांगाल?"

"बाबा कपडे घालत नसत," हनीफ सरळपणानं म्हणाला. "चाळीस वर्षं नदीकाठी बसून राहिले. कुनाशी बोलायचे न्हाईत. हवेशी बोलायचे."

"अन्सार, हा चौकोन काळा करा."

"खबरदार!" चांद उठून उभा राहिला. "काळा? आमच्या बाबांना काळा? अवो, त्यांच्या मजारीवर दर जुम्मेरातला चादर चढती. बिनलेकराच्या बाया लेकरं मागाया येत्यात. त्यांना वेडा म्हनता?"

"मी वेडा म्हणत नाही. आजार म्हणतोय."

"आजारी मानसाला कोन चादर चढवतं का?"

अन्सार टाक दौतीवर टेकवून हसू दाबत होता. शेवटी हनीफनं तोड काढली, अर्धा काळा करा. डॉक्टर म्हणाले तशी पद्धत नाही. चांद म्हणाला, आमच्यात बी न्हाई. पण झाला अर्धाच.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. पिंपळवंडीचा सयाजी जुनी पोती घेऊन आला होता. कागदाच्या लगद्यासाठी त्याच्याकडून पोती घ्यायची ती वडिलांपासूनची रीत. त्यानं पडवीत डोकावलं.

"काय राव हनीफभाऊ, पावणं कोन?"

"विम्याचा मानूस हाये," चांद पटकन म्हणाला.

"आसं व्हय. मरणाचं लिव्हून घेत्यात ना ते?" सयाजीनं मोठ्या आदरानं त्या तावाकडं बघितलं. "एवढ्या समद्यांचा विमा? लई मोठं घर बाबा तुमचं." पोती टाकून, पाणी पिऊन तो गेला. डॉक्टर चष्मा पुसत बसले. त्या दिवशीचं शेवटचं हसू हनीफच्या घरात तेव्हा ऐकू आलं.

* * *

"आता जन्नतबी," डॉक्टर म्हणाले.

अन्सारनं गोल काढला. फुफीला, म्हणजे ह्या आत्याला, त्यानं कधी बघितलं नव्हतं. लहानपणी विचारलं की अम्मा म्हणायची, फुफी आजारी हाये, मोठा झाल्यावर जा. मोठा झाल्यावर विचारणं राहून गेलं. त्यानं तो गोल काळजीनं काळा भरला, कडेबाहेर शाई जाऊ दिली नाही.

"लग्न एक. मूल एक, मुलगा. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत वारला, असं नोंदीत आहे. बरोबर ना हनीफभाई?"

हनीफ दाढी कुरवाळत होता. त्यानं मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते कुणालाही सांगता आलं नसतं.

अन्सारनं काळ्या गोलाखाली रेघ ओढली, छोटा चौकोन काढला आणि त्यावर तिरपी रेघ मारली.

उंबऱ्यात बिबिजाननं चौकट घट्ट धरली. पोरानं स्वतःच्या हातानं स्वतःला मारून टाकलं होतं, आणि अक्षर सुंदर यावं म्हणून जिभेचं टोक ओठांत धरलं होतं, लहानपणी धरायचा तसंच.

"एक सांगू का," डॉक्टरांचा आवाज खाली आला. "हे माझ्या कामातलं नाही. जन्नतबी आता बरं बोलतात. स्वयंपाकघरात मदत करतात. पण रोज मला एकच विचारतात. म्हणतात, डॉक्टर, माझं मूल कुठं पुरलं ते भाईजानना विचारा. मला घरी नेलं नाही तरी चालेल. एकदा कबर दाखवा, मी फातिहा पढेन, मातीला हात लावेन. एकवीस वर्षं मी त्याला एकदाही भेटले नाही." त्यांनी हनीफकडं पाहिलं. "तुम्हाला सांगितलंय म्हणाल्या."

हनीफनं बायकोकडं पाहिलं नाही. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं.

"मंचरलाच असेल ना कबर?" अन्सार म्हणाला. मास्तर मुळात हळवा. "अब्बा, तुम्ही नुसता अंदाज सांगा, कुठल्या बाजूला. मी रविवारी जातो. चाचा आहेत तिथं, जुनी माणसं आहेत. दगड नसला तर मी बसवीन. बिचारी फुफी! तिचं एवढं तरी करायला नको आपण?"

चांद छताकडं बघत होता.

"का? चाचा, तुम्हाला तर ठाऊक असेल. तुम्ही होतात तेव्हा."

"लहान व्हतो रे मी," चांद म्हणाला, "मला काय ठाव?" आणि खाकरत अंगणात निघून गेला. ज्या माणसानं मजजूबबाबांसाठी एवढा घसा फोडला, त्यालाच हा एक प्रश्न झेपला नाही.

"बरं, ते नंतर बघू," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं आपण दुःखावर बोट ठेवलं. "बिबिजान, आता तुमचं. मुलं किती?"

"दोन."

"गुलशन आणि अन्सार. दोघंही तुमचीच?"

हा डॉक्टरांचा रोजचा प्रश्न. कुठं सावत्र असतात, कुठं दत्तक असतात, म्हणून ते प्रत्येक घरात विचारत. पण बिबिजानच्या कानावर तो आला तो नुकत्याच मारलेल्या त्या तिरप्या रेघेनंतर, कबर शोधायला निघालेल्या पोराच्या आवाजानंतर. ती एकदम उसळली.

"माझीच म्हंजे? माझं दूध प्यालाय तो! घोटभर न्हाई, दोन वर्सं! गुलशन नुकती बसाया लागली व्हती, तिला तोडली आन् ह्याला घेतला पदराखाली. पोरगी रडून रडून निळी व्हायची, तिला पेजेवर ठेवली, पन ह्याला एक दिस उपाशी न्हाई ठेवला. आन् मला इचारता माझाच का म्हनून?"

तिच्या लेखी ह्याहून मोठा पुरावा नव्हता. मोहल्ल्यातल्या कुठल्याही बाईनं तो मान्य केला असता, मौलवीनं केला असता. ज्याला दूध पाजलं तो आपला, त्याची बहीण ती त्याची बहीण, लग्नसुद्धा निषिद्ध. एकवीस वर्षं हीच एक गोष्ट तिनं मनाशी धरून ठेवली होती, आणि ती तिनं भर पडवीत, स्वतः होऊन, अभिमानानं सांगून टाकली.

डॉक्टर वहीत लिहीत होते. "गुलशन बसायला लागली... म्हणजे सहा महिन्यांची," ते पुटपुटले. आणि त्यांची पेन्सिल थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. पुष्कळ घरं हिंडलेला माणूस, त्यांना लगेच कळलं. त्यांनी वही हळूच मिटली.

पण गुलशनला राहवलं नाही. ती आईच्या मागंच उभी होती, हातात साखरेचा डबा. "अम्मा, मी सहा महिन्यांची होते तवा अन्सार झाला? कसं गं? तू तर म्हनायचीस, दीड वर्साचं अंतर."

बिबिजाननं तोंडावर पदर घेतला.

अन्सार तावाकडं बघत होता. बिबिजानच्या गोलाखाली त्यानं आताच दोन रेघा ओढल्या होत्या, एक गुलशनची, एक स्वतःची. शाई अजून ओली होती. वरच्या बाजूला तो काळा गोल, आणि त्याखाली तो छोटा, मारलेला चौकोन. मुलांना गणित शिकवणाऱ्या माणसाला ह्यापुढं किती वेळ लागणार?

"अब्बा," तो म्हणाला. "मंचरला कबर नाही ना?"

"न्हाई बेटा," हनीफ म्हणाला.

* * *

चांद अंगणातून आत आला तेव्हा सगळं झालेलं होतं. त्यानं एकदा भावाकडं, एकदा अन्सारकडं बघितलं. त्याला माहीत नव्हतं असं नव्हे. पोरगी द्यायची ठरवली ती माहीत असूनच ठरवली, मनापासून ठरवली. पण दोन तास तो तिथं बसून चौकोन-गोल बघत होता, अर्ध्या काळ्यातून पुऱ्या काळ्याकडं जाणारी रेघ बघत होता.

"डाक्टर," त्यानं विचारलं, "हे रक्तातनं येतंच का?"

"येतंच असं नाही. कधी येतं, कधी येत नाही. तेच शोधतोय."

"म्हंजे येतं बी."

"चाचा!" गुलशन ओरडली.

"तसं न्हाई गं. मी आपलं... साखरपुड्याचं बघू नंतर. काय घाई न्हाई." चांद चपला शोधायला लागला. बघू नंतर म्हणजे काय, हे घरातल्या लहान पोरालाही कळतं. गुलशन त्याला काय काय बोलली! म्हणाली, बाबांच्या मजारीवर लेकरं मागायला चालतं, मग आता काय झालं? तुमची पोरगी काय आभाळातून पडली, ती काय ह्या तावावर न्हाई? आणि हे खरंच होतं, चांदचा चौकोन जन्नतबीच्या गोलाला लागूनच होता. पण चांदनं चपला घातल्या.

"बाजी, राहू दे," अन्सार बहिणीला म्हणाला. "चाचांचं चुकलं नाही. मुलीचे बाप आहेत ते."

मग तो डॉक्टरांकडं वळला. "माझा चौकोन काळा करायचा का?"

"मुळीच नाही. तुम्ही निरोगी आहात."

"आज."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजचंच मी लिहू शकतो, अन्सार. उद्याचं मला माझंही लिहिता येत नाही." मग म्हणाले, "तुमचं घर मी वगळलं तरी चालेल. सांगा तसं करतो. ताव इथंच ठेवून जातो."

अन्सारनं टाक शाईत बुडवला. त्या छोट्या चौकोनावरची तिरपी रेघ पुसता येत नव्हती, म्हणून त्यानं शेजारी नवा चौकोन काढला, काळ्या गोलापासून त्याच्यापर्यंत रेघ आणली आणि खाली वहीतला आपला आकडा घातला.

"मग ही बिबिजानपासूनची रेघ खोडायला हवी," डॉक्टर हळूच म्हणाले. "नाहीतर हिशोब चुकेल."

"शाई आहे," अन्सार म्हणाला. "तुम्ही तुमच्या वहीत काय ते लिहा. ह्या कागदावरची मी खोडणार नाही."

आणि उठून मागच्या दारी गेला.

* * *

मागं लगद्याचे हौद होते. शुक्रवार, काम बंद, पाणी निवळलेलं. बिबिजान बराच वेळ दारात उभी राहिली आणि मग जाऊन त्याच्या शेजारी हौदाच्या कडेवर बसली.

"मला कधी सांगणार होतीस?"

तिच्या मनात आलं, म्हणावं, लग्नानंतर. म्हणावं, सांगणारच व्हते. पण खोटं बोलायची तिची ताकद संपली होती.

"कवाच न्हाई," ती म्हणाली.

त्यानं निवळलेल्या पाण्यात बोट फिरवलं.

"जन्नतच म्हनाली व्हती, हे माझं न्हाई. मी माझ्या कानानं ऐकलं. तिनं टाकलं आन् मी उचललं, ह्याच्यात माझा काय गुन्हा, असं मी मनाला समजावायची. पन ती कुठं बोलत व्हती, तिचा आजार बोलत व्हता. मला ठाव व्हतं ते." तिनं पदरानं नाक पुसलं. "पाची वक्ताच्या नमाजात दुआ मागायची मी. या अल्ला, जन्नतला बरं कर. आन् त्याच दमात मागायची, पन आज नको. एकवीस वर्सं, रे. रोज 'आज नको'. मला वाटतं अल्लानं माझंच ऐकलं, तिचं न्हाई ऐकलं."

अन्सार पाण्यात बघत होता. त्याला राग यायला हवा होता, आणि आलाही होता, पण तो कुणावर काढायचा? अम्मावर? ही बाई त्याच्या तापात तीन दिवस भिंतीला टेकून बसलेली त्यानं बघितली होती. आणि तिकडं कुणीतरी एक बाई होती, जिचा चेहरा त्याला ठाऊक नव्हता, जी रोज उठून त्याची कबर विचारत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखाद्या न बघितलेल्या माणसाची एवढी ओढ लागली की छातीत दुखायला लागलं. आणि ती ओढ लागली म्हणून शेजारी बसलेल्या ह्या बाईची दया येऊन पुन्हा दुखलं.

"रविवारी मी पुण्याला जातो," तो म्हणाला.

"जा."

"तू येशील?"

बिबिजाननं एकदम त्याच्याकडं बघितलं. "मी? मी कशाला मधी? तू जा तुझ्या अब्बांसंगट. तुमी माय-लेकरं भेटा. मी आले तर तिला..."

"मला एकट्याला भीती वाटते," अन्सार म्हणाला. एकवीस वर्षांचा मास्तर, पण हे तो तिलाच सांगू शकत होता.

* * *

एस.टी.त हनीफ, बिबिजान आणि अन्सार एकाच बाकावर बसले. नारायणगाव गेलं, मंचर गेलं. मंचरच्या स्टँडवर अन्सारनं खिडकीतून कब्रस्तानाच्या बाजूला बघितलं आणि मान वळवली. खेडच्या पुढं तो म्हणाला, "मी त्यांना फुफीच म्हणेन. एकदम दुसरं काही यायचं नाही तोंडात." हनीफ म्हणाला, "जे येईल ते म्हन बेटा." बिबिजाननं आदल्या दिवशीच मनाशी ठरवून टाकलं होतं, की सांगायचं ते आपणच सांगायचं. ज्यानं खोटं जपलं त्यानंच ते मोडायचं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात जन्नतबी गहू निवडत बसली होती. अंगानं सुटली होती, केस आखूड कापलेले, गोळ्यांनी हातांना बारीक कंप. पण डोळे तेच होते, हनीफचेच, अन्सारचेच. तिनं भावजयीला बघितलं आणि सूप बाजूला सारून उभी राहिली.

"भाभी! किती वाळलीस गं तू." आणि लगेच, तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "जागा सापडली का?"

बिबिजानला पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"जागा न्हाई, जन्नत."

"नदीनं नेली का?" तिनं समजूतदारपणानं विचारलं, जणू ह्याचीही तयारी ठेवली होती. "घोडनदीला पूर आला असंल. मग नुसती बाजू दाखवा. मी लांबूनच पढेन."

"कबरच न्हाई. कधी नव्हतीच. आमी तुला खोटं सांगितलं. मी सांगितलं, मी." बिबिजाननं मागं हात करून अन्सारला दंडाला धरलं आणि पुढं ओढलं. "हा बघ. तुझा हाये. घे."

जन्नतबी बघत राहिली. अन्सारच्या पायांकडं, चपलांकडं, बंद गळ्याच्या कोटाकडं, मिशीच्या रेषेकडं. रडली नाही. किंचाळेल म्हणून हनीफ एक पाऊल पुढं आला, तर ती किंचाळलीही नाही. तिनं हात उचलला, पण हात तिथपर्यंत नेता येईना. तिच्या मनात जे होतं ते वीतभर होतं, दुपट्यातलं. एवढ्या मोठ्या माणसाला कुठं हात लावायचा?

"नाव काय ठेवलं?" तिनं बिबिजानला विचारलं.

बिबिजानला प्रश्नच कळला नाही. मग कळला. पाचव्या दिवशी जन्नतचं भान गेलं. नाव सातव्या दिवशी ठेवलं होतं.

"मला ठाव न्हाई ना," जन्नतबी ओशाळून म्हणाली, जणू तिचाच विसरभोळेपणा. "दुआ मागायची तर नाव लागतं. मी नुसतं 'त्याला' म्हनायची. या अल्ला, त्याला नीट ठेव. अल्लाला कळत असंल का कुनाला ते?"

"अन्सार," बिबिजान म्हणाली. "अन्सार ठेवलंय."

"अन्सार." तिनं नवीन पदार्थ चाखावा तसं ते जिभेवर धरून बघितलं. मग पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं, हाक मारल्यासारखं. "अन्सार?"

"जी, अम्मा," तो म्हणाला.

दोघींनीही मान वर केली.